.३२ चं काडतूस .३१५ रायफलमधून उडवता येईल का? आणि कार्बाइनला पिस्तुलाची गोळी कशी चालते?

नौपाडा_४००६०२
माझ्या परवान्यावर दोन शस्त्रं आहेत, .३१५ ची स्पोर्टिंग रायफल आणि .३२ चं रिव्हॉल्व्हर. दोन्ही ऑर्डनन्स फॅक्टरीची. .३१५ चा धक्का जोरदार आहे, त्यामुळे सराव फार होत नाही. परदेशात रायफलच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, आकाराचं ॲडॉप्टर बसवून त्यातून पिस्तुलाची काडतुसं उडवतात, असं वाचलं. .३१५ आणि .३२ या आकड्यांत फरक फक्त पाच हजारांश इंचाचा. मग आपल्याकडे हे जमेल का?
दुसरा प्रश्न. पोलिसांच्या जुन्या कार्बाइनमध्ये (खांद्याला टेकवून चालवायची आखूड बंदूक) ९ मिमी म्हणजे पिस्तुलाचंच काडतूस असतं. नळी लांब झाली की ताकद नक्की किती वाढते?

कळवा_आर्मरर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. काडतुसाच्या नावातला आकडा म्हणजे गोळीचं माप नव्हे, इथेच बहुतेकांची गफलत होते.

नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा असतात, आणि .३१५ हे त्या खाचांमधल्या समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं अंतर आहे, बरोबर ८ मिमी. खाचांच्या तळापासून मोजलं तर ते ८.२ च्या आसपास जातं, आणि रायफलची गोळी त्या मापाची असते. रिव्हॉल्व्हरच्या .३२ लाँगची गोळी प्रत्यक्षात .३१२ ते .३१४ इंच, म्हणजे ७.९२ ते ७.९८ मिमी. नाव .३२ असलं तरी ती .३१५ च्या उंचवट्यांनासुद्धा घासणार नाही. तिला फिरकी मिळणार नाही, गॅस बाजूने पुढे पळेल, आणि गोळी आडवीतिडवी बाहेर पडेल. परदेशात जे ॲडॉप्टर वापरतात ते .३० बोअरच्या नळीसाठी. तिचं खाचांचं माप .३०८ इंच, म्हणून .३१२ ची मऊ गोळी तिथे दाबून बसते. आपल्या .३१५ ला तो हिशेब लागू नाही.

आता दाब बघा. .३२ लाँगचा कमाल दाब १५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) धरलेला आहे आणि ९८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी जेमतेम २१५ मीटर प्रतिसेकंदाने सुटते. दारू इतकी थोडी की ती नळीच्या पहिल्या काही इंचांतच जळून संपते. रायफलच्या लांब नळीत पुढचं सगळं अंतर नुसतं घर्षण. गोळी घट्ट बसली तर मध्येच अडकण्याची भीती, सैल असेल तर नेम नाही. दोन्हीकडून तोटाच.

आणखी एक, कारण तुमच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे. पिस्तुलाचं .३२, ज्याला ७.६५ मिमी म्हणतात, ते वेगळं काडतूस आहे. पुंगळी आखूड असल्यामुळे ते रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बऱ्याचदा जातं. पण त्याचा कमाल दाब २०,५०० पीएसआय आहे, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त. आत जातं म्हणून उडवायचं नाही. डब्यावरचं नाव पूर्ण वाचूनच घ्या.

वाशी_बॅलिस्टिक
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काडतुसागणिक बदलतं. पुंगळीत दारू किती आणि ती किती सावकाश जळते, यावर सगळा खेळ.

९ मिमीची ११५ ग्रेनची गोळी चार इंची पिस्तुलातून साधारण ३५० मीटर प्रतिसेकंदाने निघते, सोळा इंची नळीतून ४०० च्या आसपास. .३५७ मॅग्नमच्या पुंगळीत दारू जास्त आणि जळायला सावकाश. तिथे १५८ ग्रेनची गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून ३७५ ने आणि अठरा इंची रायफलमधून ५४० ने जाते. ऊर्जा ७२० ज्यूलवरून १,५०० वर, म्हणजे दुपटीहून जास्त. अमेरिकेत लिव्हर ॲक्शन रायफल आणि रिव्हॉल्व्हर एकाच काडतुसावर ठेवण्याची पद्धत १८७३ च्या विंचेस्टर रायफलपासून आहे. तिचं .४४-४० काडतूस पुढे कोल्टने रिव्हॉल्व्हरमध्येही घेतलं. खिशात एकच गोळी ठेवायची, हा त्यामागचा उद्देश.

पोलिसांकडची जुनी कार्बाइन म्हणजे कानपूरला बनलेली स्टर्लिंगच. तिची नळी आठ इंचांहूनही थोडी कमी, त्यामुळे वेगात फार भर पडत नाही. खरा फायदा खांद्याला टेकणारा दस्ता, दोन हातांची पकड आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साईटमधलं वाढलेलं अंतर. पिस्तुलाने पंचवीस मीटरवर चुकणारा माणूस कार्बाइनने पन्नासवर नेम धरतो, तो यामुळे.

अशा काडतुसांना बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला) लॉक लागत नाही, हा बनवणाऱ्याचा फायदा. ९ मिमीला सहाशे-सातशे ग्रॅमचा बोल्ट आणि स्प्रिंग पुरते. बोल्टचं वजनच त्याला पुरेसा वेळ मागे येऊ देत नाही. तेवढ्यात गोळी बाहेर पडते आणि दाब उतरतो. रायफलच्या ६०,००० पीएसआयच्या काडतुसाला असं करायचं तर बोल्ट दहा किलोच्या घरात जाईल.

पण मर्यादा विसरू नका. ९ मिमी कार्बाइनची साईट पन्नास मीटरवर जुळवली तर शंभरला गोळी साधारण १५ सेंमी खाली लागते, दोनशेला मीटरभराहून जास्त. शिवाय वाटेत ती आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि डगमगते. आपल्या हवेत, ३० अंशाला, आवाजाचा वेग ३४९ मीटर आहे. ४०० ने सुटलेली गोळी शंभर मीटरच्या आतच त्याखाली येते.

नौपाडा_४००६०२
दोघांचेही आभार. ॲडॉप्टरचा विचार सोडला. मग धक्क्याशिवाय सराव करायला ९ मिमी किंवा .३५७ ची कार्बाइन परवान्यावर मिळेल का?

ऐरोली_परवाना
९ मिमी नाही. सर्व्हिस, म्हणजे सरकारी दलांचं, ९ मिमी काडतूस ज्यातून उडतं ते पिस्तूल, रिव्हॉल्व्हर वा कार्बाइन, सगळं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. .३८० आणि .४५५ चंही तसंच. .३५७ चं आधी परवाना शाखेतच विचारून घ्या. ॲडॉप्टरबाबतही सांगतो. शस्त्राचे सुटे भाग कायद्याच्या व्याख्येत येतात. कुठल्या लेथवाल्याकडून करून घेणं किंवा बाहेरून मागवणं म्हणजे थेट गुन्ह्याला आमंत्रण.

तुम्हाला हवंय ते .२२ लाँग रायफलमध्ये आहे. पिस्तुलात आणि रायफलमध्ये खरोखर तेच काडतूस चालतं. कमाल दाब २४,००० पीएसआय, धक्का नगण्य. साधारण सोळा इंचांपर्यंत दारू जळून संपते, त्यापुढच्या नळीने वेग वाढत नाही, उलट किंचित घटतो. डब्यावर पिस्तूल मॅच आणि रायफल मॅच असं वेगळं लिहिलेलं असतं, पण माप एकच. पिस्तुलासाठीच्या गोळीचं टोक बऱ्याचदा जास्त गोल असतं, मॅगझीनमधून सरळ वर यावी म्हणून. रायफलमध्ये ती बिनधास्त चालते, फक्त ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, थोडा पसरू शकतो. चार-पाच प्रकारचे डबे आणून पन्नास मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप काढा, तुमच्या नळीला कोणतं आवडतं ते कागदच सांगेल. प्रकार बदलला की पहिल्या दहा-बारा गोळ्या मोजू नका, गोळीला वंगण म्हणून लावलेलं मेण नळीत बसतं, ते जुनं निघून नवं बसायला तेवढ्या लागतात.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा दोनवर आली आणि तुमची दोन भरली आहेत. पण केंद्र सरकारचा परवाना किंवा मान्यता असलेल्या रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावाच्या .२२ रायफलपुरती कलम ३ मध्येच सूट आहे. आधी क्लबचं सदस्यत्व घ्या, त्याचं पत्र अर्जाला जोडा आणि ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. आपल्याकडून वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन गाठता येते.

कळवा_आर्मरर
.२२ वर येताय तर हे पाठ करा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, की पुढची गोळी भरायची नाही. नळी रेंजकडे ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा, काढून घ्या आणि मागून नळीतून उजेड दिसतो का बघा. बोल्ट निघत नसेल तर क्लीनिंग रॉड सारून बघा. गोळी अडकली असेल तर पितळी रॉडने आर्मररकडून काढून घ्या, दुसरी गोळी झाडून ती ढकलायचा प्रयत्न केला तर नळी फुगते, कधी फाटते.