शब्दचर्चा : पाऊल चुकलं तर फाऊल का नाही?

माटुंग्याहून प्रश्न

मुलगी बास्केटबॉल खेळते, त्यामुळे माझे रविवार मैदानावरच जातात. गेल्या वर्षापासून टेबलावर बसून स्कोअरशीटही लिहिते. परवा मुलींच्या सामन्यात आमच्या एकीनं चेंडू दोन्ही हातांत धरून चांगली तीन-चार पावलं टाकली. पंचांनी शिट्टी मारली, उघडा तळवा वर केला, मग दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या आणि चेंडू समोरच्या संघाला दिला. मागे उभे असलेले एक बाबा वाकून माझ्या कागदात बघत म्हणाले, ‘‘ताई, तिचा फाऊल लिहिला नाहीत.’’ म्हटलं, हा फाऊल नव्हता. ‘‘मग शिट्टी कसली वाजली?’’

कागदावर प्रत्येकीच्या नावापुढे फाऊलचे पाच चौकोन असतात. पाचवा भरला की ती मुलगी बाहेर. ट्रॅव्हलिंगसाठी, म्हणजे चेंडू धरून जास्त पावलं टाकण्यासाठी, चौकोनच नाही. हे त्यांना दाखवलं, पण फरक काय ते मराठीत सांगता येईना. ‘‘तो फाऊल, हे व्हायोलेशन,’’ एवढं बोलले आणि गप्प बसले. पालकांसाठी एक पानभर टिपण करायचंय. दोन्हींना ‘नियमभंग’ म्हटलं तर गाडी पुन्हा तिथेच येते. दोन वेगळे शब्द सुचवाल का?

वडाळ्याहून

फाऊलसाठी ‘आगळीक’ घ्या. आगळीक हवेत होत नाही, ती कुणाशी तरी करावी लागते. शेजाऱ्यानं आगळीक केली म्हटलं की समोर ज्याच्याशी केली तो माणूस आलाच. बास्केटबॉलमधला साधा फाऊल नेमका असाच असतो: ढकललं, धरलं, हातावर मारलं. समोर दुखावलेला खेळाडू हवा. पाऊल चुकणं, रेषेबाहेर जाणं, चोवीस सेकंदांत चेंडू न टाकणं यात कुणाच्या अंगाला हात लागलेला नसतो. तो ‘नियमभंग’, त्याची शिक्षा म्हणजे चेंडू गेला.

या शब्दानं आणखी एक गैरसमज सुटतो. बचाव करणाऱ्यानं नुसता हात पुढे केला की ‘‘रीच! रीच!’’ असा गलका होतो. हात पुढे करणं ही आगळीक नव्हे. स्पर्श झाला पाहिजे, आणि तोही समोरच्याचा खेळ बिघडवणारा. उसळलेल्या चेंडूसाठी पाठीमागून उंच हात काढला आणि अंगाला धक्का लागला नाही, तर शिट्टी वाजणार नाही.

नागपाड्याहून, पंच

आगळीक लेखात शोभते. मैदानावर ती कुणाच्या तोंडी बसणार नाही, मीही म्हणणार नाही. फाऊल आता मराठीच झालाय, त्याला राहू द्या.

पण घोळ कुठून आला ते बघा. आपण फाऊल शिकलो खो-खोत. पाठलाग करणाऱ्यानं दिशा बदलली की फाऊल, तिथे कुणाला धक्का लागलेला नसतो. कॅरममध्ये स्ट्रायकर भोकात गेला तरी फाऊल. मराठी कानाला फाऊल म्हणजे ‘काहीतरी चुकलं’. त्या बाबांची चूक नाही, त्यांच्या शब्दाचा आवाका बास्केटबॉलच्या शब्दापेक्षा मोठा आहे.

टिपणात व्याख्येआधी पंचाचा हात समजावा. मूठ वर गेली तर फाऊल. उघडा तळवा वर गेला तर फाऊल नव्हे, नियमभंग. गोंगाटात शिट्टी सारखीच ऐकू येते, हात मात्र शेवटच्या पायरीवरूनही दिसतो.

गिरगावाहून

थोडं मागे जाऊ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, तेव्हा नियम तेरा होते. त्यातल्या सहाव्यात चेंडू घेऊन धावणं हे फाऊलमध्येच मोजलं होतं, धक्काबुक्कीच्या शेजारी. एका संघाचे लागोपाठ तीन फाऊल झाले की दुसऱ्याला गोल. म्हणजे तुमच्या मागचे बाबा आज चुकले, पण नेस्मिथच्या मैदानावर बरोबर ठरले असते. दोन खाती पुढे वेगळी झाली, आणि ती वेगळी होणं योग्यच होतं. पाय अडखळलेल्या मुलीला आणि कोपर मारणाऱ्या मुलीला एकच शिक्षा हा न्याय नव्हे.

लालबागहून

‘डबल’ म्हणजे डबल ड्रिबल या नियमभंगाबद्दलही लिहा, कळकळीची विनंती. माझ्या भाच्याच्या हातून चेंडू निसटला, दोनदा उसळला, त्यानं पुन्हा पकडला. सगळी चाळ ओरडली, ‘‘डबल! डबल!’’ आपण एक टप्पा आउटवर वाढलेली माणसं. चेंडू पडला की आपोआप टप्पे मोजतो. पण इथे टप्प्यांची मोजणीच नसते. चेंडू आपटत नेणं एकदा थांबवलं, म्हणजे दोन्ही हातांत धरला किंवा एका हातावर विसावू दिला, की पुन्हा आपटायला सुरुवात करायची नाही. मोजायची ती सुरुवात. निसटलेला चेंडू परत मिळवणं यात येत नाही. ‘दुहेरी टप्पा’ असं भाषांतर तर मुळीच करू नका, ते गैरसमज पक्का करतं. ‘दुसऱ्यांदा सुरुवात’ म्हणा.

पावलांचंही तसंच. चेंडू आपटत असताना कितीही पावलं टाका, कुणी मोजत नाही. मोजणी चेंडू हातात आल्यावर सुरू होते. शिवाय २०१७ पासून फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत, धावत्या खेळाडूनं चेंडू ताब्यात घेतला त्या क्षणी जो पाय जमिनीवर असेल तो धरत नाहीत, पुढची दोन पावलं मिळतात. तीन पावलं दिसली म्हणून ओरडायच्या आधी पहिलं कुठून मोजलं ते बघायला हवं.

नागपाड्याहून, पंच

आणि ‘ब्लॉक’! उडी मारून टाकलेला चेंडू अडवला तो ब्लॉक, त्याला टाळ्या. वाटेत येऊन धडकलात तोही ब्लॉक, त्याला फाऊल. एकाच शब्दात शाबासकी आणि शिक्षा.

माझ्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो यावरून: ‘‘सर, तो हलत होता!’’ हलला म्हणून बचाव करणारा चुकत नाही. त्यानं आधी पवित्रा घेतला होता का, एवढंच मी बघतो. पवित्रा म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर आणि तोंड समोरच्याकडे. तो घेतल्यावर बाजूला सरकला, मागे सरला, तरी हक्क त्याचाच. समोरच्यानं त्याच्या छातीवर मुसंडी मारली तर फाऊल मुसंडी मारणाऱ्याचा. आपल्या जागेवरून सरळ वर उडी मारून हात उभे ठेवले तरी तेच. कुस्ती बघितलेल्या माणसाला पवित्रा समजवावा लागत नाही. तो पुतळ्यासारखा उभा राहत नसतो, हे त्याला ठाऊक असतं.

वरळीहून

एक छोटी भर. २०१९ च्या ऑक्टोबरात इथल्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, तेव्हापासून आमच्याकडे ‘‘सहाव्या फाऊलला बाहेर’’ म्हणणारे वाढलेत. सहा एनबीएत, म्हणजे हे दोन संघ खेळतात त्या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत. तिथे सामन्याचा चौथा भाग बारा मिनिटांचा असतो. आपल्याकडे फिबाचे नियम: दहा मिनिटं, पाच फाऊल.

माटुंग्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: फाऊल तसाच ठेवते, कंसात ‘आगळीक’. व्हायोलेशनला नियमभंग. सगळ्यात वर मूठ आणि तळवा यांची चित्रं, मुलीच काढणार आहेत. डबलला ‘दुसऱ्यांदा सुरुवात’. पवित्रा आणि मुसंडी घेतलेच. ब्लॉक फक्त चेंडूसाठी, फाऊलला ‘आडवं येणं’.

शेवटचा शब्द काल सरावात मुलींना सांगून पाहिला. अर्ध्या तासानं एकीची धडक झाली. शिट्टी वाजायच्या आत तिनं स्वतःच हात वर केला आणि म्हणाली, ‘‘मी आडवी आले.’’