कोल्हापूर ते रत्नागिरी, तीन दिवस, आई आणि दोन पोरं बरोबर: सल्ला हवा

अकरावी गल्ली
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटी शुक्रवार ते रविवार रत्नागिरीला जायचं ठरतंय. गाडी घरची. आम्ही दोघं, आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात, शिवाय माळकरी) आणि पोरं ९ आणि ५ वर्षांची. आजवर गणपतीपुळ्याला चार-पाच वेळा गेलोय, पण दरवेळी हातखंब्यावरनं निवळीकडं वळलो. त्यामुळं रत्नागिरी शहर म्हणजे रस्त्यावरची पाटी, एवढीच आमची ओळख. यंदा बायको म्हणाली की शहरातच राहू, तिला थिबा राजवाडा बघायचाय. ऊन झेपेल का? आईला काय खायला मिळेल? पोरं समुद्र म्हटलं की कपडे काढून पळतात, त्यांना कुठं सोडावं? आणि आंबा तिथनं आणावा की इथंच मार्केट यार्डात घ्यावा? जाणकारांनी सांगावं.

रंकाळ्याचा वारा
एप्रिलात रत्नागिरी? भावा, घाम पुसायला आणखी एक माणूस बरोबर ने.

पांढरा जास्त
लै भारी बेत. माझं ऐक. पहाटे ४ ला निघ. आंबा घाट उतरलास की साखरप्यावरनं मार्लेश्वर, तिथनं गणपतीपुळे, संध्याकाळी मालगुंड, जयगड. दुसऱ्या दिवशी आरे-वारे, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, मत्स्यालय. तिसऱ्या दिवशी पावस, गणेशगुळे, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य आणि राजापूरवरनं अणुस्कुरा घाटानं घरी. आम्ही पाच मित्रांनी केलंय. काटा किर्र ट्रिप झाली.

मांडवीची माहेरवाशीण
पांढरा जास्त, तुम्ही पाच मित्र होतात. यांच्याबरोबर गुडघे दुखणारी आई आहे आणि पाच वर्षांचं पोर. मार्लेश्वरच्या पायऱ्या मोजल्यात का कधी?

अकरावी गल्ली, मी रत्नागिरीची, लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. आमच्या गावाचं दुखणंच हे आहे की इथली माणसं त्याला वाटेतलं गाव समजतात. तुमच्या मिसेसचं ऐका, शहरातच राहा. एक गोष्ट मात्र पाळा: तिथं दिवस घड्याळावर चालत नाही, उन्हावर चालतो. सकाळी साडेनऊपर्यंत बाहेर, मग छपराखाली, जेवून झोप, साडेचारनंतर पुन्हा बाहेर. दुपारी किनाऱ्यावर दिसतो तो पाहुणा.

आमच्या लग्नानंतर पहिल्याच मे महिन्यात सासरची मंडळी माहेरी आली होती. मामंजींना दुपारी एकला समुद्र बघायचा होता. मांडवीची वाळू काळी. आमच्याकडे त्याला काळा समुद्रच म्हणतात, आणि मिऱ्याच्या बाजूला पांढऱ्या वाळूचा तो पांढरा समुद्र. मामंजींनी चपला हातात घेतल्या आणि दहा पावलांत असे नाचायला लागले की किनाऱ्यावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. आठवडाभर पायांना तूप चोळत होते. अजून गणपतीला हा विषय निघतो.

सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे. पहाटे साडेपाचला निघालात तर मलकापूरला चहा होतो, घाट थंड असतानाच उतरता, आणि दहाच्या आत गावात. चौपदरीकरणाचं काम जिथे चालू असेल तिथे धूळ आणि वळसे, त्याचा अर्धा-पाऊण तास धरा. धाकट्याला गाडी लागत असेल तर घाटाआधी दूध देऊ नका.

अकरावी गल्ली
ताई, लै उपकार. धाकट्याला गाडी लागते हे तुम्हाला कसं कळलं?

मांडवीची माहेरवाशीण
आंबा घाटात सगळ्यांच्याच धाकट्यांना लागते.

आता दिवस सांगते. शुक्रवारी पोचलात की सामान टाका आणि झाडगावला मत्स्यालयात जा. फार मोठं नाही, पण सावलीत आहे, आणि तिथला देवमाशाचा सांगाडा बघून पोरं गप्प होतात. मग जेवून झोपा, लाज बाळगू नका. ऊन कलायला लागलं की थिबा राजवाडा. सरकारी संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, तुमच्या वारांत तो प्रश्न नाही, पण बंद व्हायची वेळ निघण्याआधी बघून घ्या.

राजवाड्याबद्दल आईंना आधी गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर त्यांना नुसता जुना बंगला दिसेल. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला राण्यांसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला १९१० ला. म्हणजे चोवीस वर्षं भाड्याच्या घरासारखं राहून मग राजाला राजवाडा मिळाला, आणि १९१६ मध्ये तो गेलाच. समाधीही रत्नागिरीतच आहे. मला लहानपणी त्या अर्धगोल लाकडी खिडक्यांशी उभं राहिलं की वाटायचं, हा माणूस रोज इथून समुद्राकडे बघून काय म्हणत असेल? तिथून जवळच थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा, पूल, राजिवड्याच्या होड्या. सूर्यास्त तिथेच बघा. आईंना चढावं लागत नाही.

शनिवारी पहाटे रत्नदुर्ग. तीन बाजूंनी समुद्र आणि आत भगवती देवी. पायऱ्या आहेत, म्हणून साडेसहालाच जा, आईंना सावकाश चढू द्या. उन्हं वर आली की तो किल्ला तव्यासारखा तापतो. परतताना मिरकरवाडा. बंदरावर मासळीचा लिलाव चालतो तो पोरांना दाखवा. वास येणार, आईंना गाडीत बसवा. शनिवार संध्याकाळ भाट्याची: लांब किनारा, सुरूचं बन, आणि टोकाला झरी विनायकाचं देऊळ.

रविवारी सकाळी पावस, स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर. वीस किलोमीटर आहे. माळकरी आईंसाठी सगळ्या सहलीतली ही सर्वांत मोठी जागा ठरेल, म्हणून तिथे घाई नको. स्वामींनी ज्ञानेश्वरी अभंगांत लिहिली हे त्यांना बहुधा माहीत असेलच.

पांढरा जास्त
ताई, सगळं मान्य. पण गणपतीपुळ्याशिवाय रत्नागिरी? देव रागवंल की.

मांडवीची माहेरवाशीण
देव यांना चार-पाच वेळा भेटलाय, ओळख आहे. फारच मन झालं तर शनिवारी किल्ला सोडून सकाळी आरे-वारेच्या किनारी रस्त्याने जा, पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. निवळीवरून जाताना हा रस्ता तुम्हाला कधी दिसलेलाच नाही. वरच्या वळणावर थांबून दोन्ही किनारे बघा. मात्र आरे-वारेला आणि पुळ्याला पाण्यात उतरायचं नाही. दरवर्षी तिथून वाईट बातम्या येतात, आणि बुडणारे बहुतेक घाटावरचेच असतात. राग मानू नका. नदी-विहिरीत पट्टीचा पोहणारा समुद्रातही पोहतो असं आपल्याकडे वाटतं.

कळंबा फिल्टर हाऊस
बरोबर बोलल्या ताई. आमच्या तालमीतला एक पैलवान पुळ्याला कंबरभर पाण्यात उभा होता. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढली आणि गडी आडवा. जीवरक्षकानं बाहेर काढला. पंचगंगेला पूर असताना पोहलेला माणूस.

भरती-ओहोटी आधी कशी कळते? मोबाईलवर असतं म्हणतात, पण आमचा विश्वास कालनिर्णयवर.

मांडवीची माहेरवाशीण
कालनिर्णयवरच कळते! आमच्या आजोबांचा हिशेब सांगते. तिथीची पाऊणपट करा, तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुनवेला-अवसेला बाराच्या सुमारास. सकाळ-संध्याकाळ दोन्हीला तेच, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. शुद्ध-वद्य दोन्हीला चालतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि हल्ली मी भरतीचा तक्ताही बघते, पण माझी सून होईल तिला हाच हिशेब शिकवणार आहे.

दुसरं म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती, तिला जोर कमी. तुमच्या वारांना तिथी कोणती?

अकरावी गल्ली
शुक्रवारी अष्टमी, शनिवारी नवमी. म्हणजे शनिवारी नऊ पाऊण… पावणेसात?

मांडवीची माहेरवाशीण
पावणेसात. म्हणजे भाट्याला तुम्ही पाचला पोचाल तेव्हा पाणी चढत असेल, आणि सूर्य बुडताना भरती पुरी झालेली असेल. भांगाची, म्हणून सौम्य. तरी पोरांनी फक्त घोट्याएवढ्या पाण्यात. तुम्ही दोघांपैकी एकाने त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहायचं, मोबाईल दुसऱ्याकडे. ओहोटी लागली की बाहेर, मग कितीही रडू देत.

तवंग
महत्त्वाच्या विषयावर कुणीच बोलंना. खायचं काय? मी एकदा रत्नागिरीत मटण मागितलं होतं. तो दिवस आठवला की अजून वाईट वाटतं.

मांडवीची माहेरवाशीण
आणि मी कोल्हापुरात येऊन पहिल्यांदा सुरमई मागवली होती. फिटंफाट.

मासे खाणार असाल तर तळलेल्या सुरमईपाशी थांबू नका, ती सगळीकडे मिळते. बांगड्याचं तिखलं विचारा. आईंसाठी उलट एप्रिल हाच सोन्याचा महिना. ओल्या काजूगरांची उसळ हंगाम संपता संपता मिळून जाते, फणसाची भाजी, घावन, सोलकढी, आमरस. पण हे मोठ्या पाट्यांच्या हॉटेलात शोधू नका, तिथे पनीरच मिळेल. घरगुती खानावळी आहेत, आदल्या रात्री फोन करून सांगावं लागतं. उकडीचे मोदक तर सांगितल्याशिवाय करत नाहीत. आणि माळकरी म्हटल्यावर कांदा-लसणाचं काय ते आधीच स्पष्ट बोला. राहायला खोली घेताना ‘समुद्राजवळ’ या शब्दावर भाळू नका, ‘तळमजला’ आणि ‘एसी चालू आहे का’ हे दोन प्रश्न विचारा. एकदा आम्ही पाहुण्यांसाठी समुद्र दिसणारी खोली घेतली होती. समुद्र दिसायचा, फक्त खुर्चीवर उभं राहून.

कळंबा फिल्टर हाऊस
आंब्याचं राहिलं की.

मांडवीची माहेरवाशीण
ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कोल्हापुरात कर्नाटकचा आंबा भरपूर येतो. तोही गोड असतो, भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे त्याला रत्नागिरीच्या खोक्यात घालणाऱ्याशी. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. पण शिक्का वाचून आंबा घेणारी माणसं थोडी. रस्त्यावरच्या ढिगाऱ्यातनं घेऊ नका, पावसच्या वाटेवर बागा आहेत, बागायतदाराकडूनच पेटी घ्या. अर्धी तयार, अर्धी कच्ची मागा. कच्चा घरी आणून गवतात अढी घाला, चार-सहा दिवसांत घर सांगेल तयार झाला म्हणून. सगळीकडून एकसारखा पिवळाधमक दिसला तर जरा जपून. आणि कापल्यावर आत पांढरट मऊ गर निघाला तर तो साका, त्यात बागायतदाराची लबाडी नसते, उष्णतेने होतो. गाडीत पेटी डिकीत उन्हाला ठेवू नका, पोरांच्या पायाशी ठेवा.

रंकाळ्याचा वारा
पोरांच्या पायाशी ठेवली तर घाट चढेपर्यंत शिल्लक राहील का?

अकरावी गल्ली
मंडळी, परत आलो. वेळ मिळेल तसं लिहितो.

मत्स्यालय आणि राजवाडा ठरल्याप्रमाणं. थिबा राजाची गोष्ट आईला सांगितली तर ती राजवाड्यात फार वेळ काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, “ह्याच्या मागं गावाकडं कुणी दिवा लावला असंल का रं?” शनिवारी किल्ल्यावर मी आणि थोरला पुढं गेलो आणि वाटलं आई अर्ध्यात बसेल, तर ती भगवतीच्या दारात आमच्या आधी. गुडघे देवळाच्या पायऱ्यांना दुखत नाहीत असं तिचं म्हणणं.

भाट्याला भरतीचा तास सात मिनिटांनी चुकला, आजोबांना नमस्कार सांगा. धाकट्यानं पाण्यातनं बाहेर यायला नकार दिला, उचलून आणला, सुरूच्या बनात अर्धा तास रडला. पावसला आई दोन तास बसली. आंबा तिथनंच घेतला, डझनभर घाटात संपला.

एक चूक झाली. पहिल्या दिवशी मत्स्यालयातनं निघून ‘जरा मांडवी बघू’ म्हणून साडेबाराला गेलो. चपला हातात घेतल्या नाहीत, तेवढी अक्कल होती. पण परत येईस्तोवर सगळ्यांची डोकी धरली.

ताई, आईनं आगळाच्या (सोलकढीला लागणाऱ्या कोकमाच्या रसाच्या) तीन बाटल्या आणल्यात. फ्रिजमध्ये जागा नाही. बाहेर टिकेल का?

मांडवीची माहेरवाशीण
मिठाचं आहे ना? मग वर्षभर बाहेर टिकतं. प्लास्टिकमधून काढून काचेच्या बाटलीत भरा, ओला चमचा घालू नका. आणि सोलकढीला नारळाचं दूध घरी काढायचं. विकतच्या पुड्याची केलीत तर मला सांगू नका.