सत्तरीतले आबा म्हणतात "मला थंडी वाजत नाही". कितपत खरं मानायचं?

द्राक्षबागवाली: आमचं घर निफाड तालुक्यात. या आठवड्यात पारा ६ अंशांच्या आसपास आहे. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सोडतो. आबा ७३ वर्षांचे, पण चारलाच बंडी आणि पंच्यावर बागेत हजर. स्वेटर पुढे केला की म्हणतात, "लडाखला बर्फात पहारे दिलेत, मला कसली थंडी!" परवा परत आले तेव्हा त्यांना सदऱ्याची बटणं लावता येईनात. बोलणंही जड वाटलं. चुलीपाशी बसून चहा घेतल्यावर सावरले. थंडी वाजली का विचारलं, तर "छे!" लष्करातली सवय अजून टिकून असेल का?

सिन्नरकर: आमचे वडीलही असेच. भांडून उपयोग होत नाही. मी कानटोपी आणि लोकरी मोजे रात्रीच उशाशी ठेवतो, मग आपसूक घालतात.

शरीरशास्त्र_मास्तर: ताई, मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा विषय बरीच वर्षं शिकवला आहे. बटणांची गोष्ट वाचून काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहितो.

शरीर थंडीला सरावतं, यात शंका नाही. कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढतात. पूर्वी त्या सुती कपड्यांतच, हिवाळ्यात १० अंशांच्या पाण्यात उतरायच्या. १९६०च्या दशकात त्यांची तपासणी झाली, तेव्हा हिवाळ्यात त्यांचा विश्रांतीतला चयापचय बराच वाढलेला आढळला. कुडकुडणंही इतर बायकांपेक्षा उशिरा सुरू व्हायचं. १९७०च्या दशकात रबरी वेटसूट आले आणि काही वर्षांतच हे सगळं ओसरलं. बायका त्याच, समुद्र तोच! म्हणजे हा सराव रोजच्या थंडीवर टिकतो. आबांचा लडाखचा सराव केव्हाच संपला आहे.

शिवाय सरावाची दुसरी बाजूही आहे. पुष्कळदा शरीर जास्त उष्णता तयार करत नाही, फक्त तक्रार कमी करतं. कुडकुडणं कमी, त्रास कमी, आणि आतलं तापमान मात्र उतरत राहतं.

त्यात वय. म्हातारपणी कातडीखालच्या रक्तवाहिन्या थंडीत पूर्वीसारख्या आवळत नाहीत, म्हणून उष्णता बाहेर जाते. कुडकुडून ऊब देणारे स्नायू झडलेले असतात. उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबीही घटते. सगळ्यात वाईट म्हणजे गारठा जाणवणंच बोथट होतं. आबा खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच वाजत नाही. म्हणून त्यांच्या "छे"वर जाऊ नका, बोटांकडे बघा. बटणं न लागणं आणि जीभ जड होणं ही शरीर गार पडत चालल्याची खूण असू शकते. पण अर्धांगाच्या झटक्यातही असंच होतं. ते चुलीपाशी सावरले असले तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच.

द्राक्षबागवाली: दाखवते, उद्याच. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिचा संबंध असेल? आणि थंडीत रात्री थोडी रमही घेतात, "ऊब येते" म्हणून.

शरीरशास्त्र_मास्तर: काही गोळ्यांनी हातपाय गार पडतात, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्या. डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवा, पण स्वतःहून बंद करू नका. रमने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जाते आणि कुडकुडणंही मंदावतं. बागेत जायच्या आदल्या रात्री तरी ती नकोच.

आबा झोपतात ती खोली १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या पत्र्याच्या घरात ते कठीण आहे, म्हणून कपडे आणि पांघरूण वाढवा. पहाटेचं काम धाकट्यांकडे द्या, आबांना ऊन वर आल्यावर बागेत जाऊ द्या.

आणि एक, घरातल्या थर्मामीटरवर विसंबू नका. बरेचसे ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाहीत, आणि धोका तिथूनच सुरू होतो. कपड्यांच्या आत पोटावर हात ठेवून बघा. पोटही गार लागलं, किंवा माणूस गुंगीत वाटला, तर ओले कपडे काढा, कोरड्या रजईत गुंडाळा आणि लगेच १०८ला फोन करा. हातपाय चोळू नका, आणि शुद्ध पूर्ण नसेल तर चहा पाजू नका.