आठ सुवर्णपदकांची पुण्याई आणि दोन कांस्यपदकांचे कौतुक

लष्करकर:
काल दौलतगंजकर यांनी लिहिले की, भारतीय पुरुष हॉकी संघाची जुनी सुवर्णपदके "रिकाम्या मैदानात मिळालेली" असून टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) ऑलिंपिकमधील कांस्यपदके हीच काय ती खऱ्या चुरशीची कमाई आहे. ज्या ग्वाल्हेरात ऑलिंपिक सुवर्णविजेते हॉकीपटू कॅप्टन रूपसिंग यांचे आयुष्य गेले आणि १९७७ मध्ये जेथे ते निवर्तले, त्याच शहरातून हे लिहिले जावे, याचा मनस्वी संताप आला, म्हणून सविस्तर उत्तर देतो. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला भारताने २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. १९३६ मध्ये बर्लिनला सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ असे हरवले होते, आणि त्याच जर्मनीला अंतिम सामन्यात आपण ८-१ अशी धूळ चारली. ब्रिटनचा संघ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये उतरलाच नाही, हा दोष आपला कसा? १९४८ मध्ये तो उतरला, तेव्हा त्याच्याच लंडनमध्ये, वेम्बलीवर, फाळणीने अर्धा झालेल्या आपल्या संघाने त्याला ४-० ने हरवले. त्या संघाचा कर्णधार किशनलाल आपल्याच मध्य भारतातला, महूचा होता. याला रिकामे मैदान म्हणायचे असेल, तर भरलेले मैदान कोणते ते आपणच सांगावे.

दौलतगंजकर:
आपण १९२८, १९३६ आणि १९४८ सांगितले आणि १९३२ अलगद गाळले, ते का, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. लॉस एंजेलिसला मैदानात तीनच संघ होते. अमेरिकेविरुद्धच्या २४-१ या विजयात रूपसिंगांनी दहा गोल केले, त्याबद्दल आदर आहेच. पण दोन सामने जिंकून मिळालेले सुवर्ण आणि पॅरिसचे कांस्य एका तागडीत घालता येत नाहीत. १९८० च्या मॉस्कोचेही तेच, कारण बहिष्कारामुळे पश्चिम जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान यांपैकी कोणीच तेथे नव्हते. उलट पॅरिसला आपण ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवले, आणि ऑलिंपिकमध्ये असे १९७२ नंतर प्रथमच घडले. अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना दहा जणांनी ओढून नेला आणि बरोबरी सोडवणाऱ्या शूटआउटमध्ये गोलरक्षक श्रीजेशने तारला. आपल्या "पुण्याई"वर विसंबून राहिल्यामुळेच २००८ मध्ये आपण पात्रही ठरलो नाही आणि २०१२ मध्ये लंडनला सगळे सामने हरून बाराव्या, म्हणजे अखेरच्या क्रमांकावर आलो.

जुना हाफबॅक:
दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडत आहात. आपली हॉकी १९७६ मध्ये माँट्रियलला संपली, कारण तेथे गवत जाऊन कृत्रिम टर्फ आले आणि आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला आपला संघ सातवा आला. मी इथल्या मुरार भागातल्या मुरमाड मैदानावर खेळत वाढलो. तेथे चेंडू कधी सरळ येतच नसे. खड्याला लागून उडाला की मनगट वळवून तो स्टिकवर घ्यायचा, हीच आमची विद्या. पुढे एका खात्याच्या संघाच्या निवडीसाठी परगावी गेलो आणि पहिल्यांदाच ओल्या टर्फवर उतरलो. चेंडू इतका सपाट आणि वेगाने आला की स्टिक खाली टेकेपर्यंत तो मागे निघून गेला होता. निवड समितीतील गृहस्थांनी वहीतून मान वर न करता "पुढचा" असे म्हटले. ज्यांना ही टर्फे परवडत होती त्यांनी नियम बदलले आणि आम्ही टाळ्या वाजवत राहिलो.

दौलतगंजकर:
काका, आपल्या अनुभवाबद्दल वाईट वाटते. पण पाकिस्तानची पोरेही मुरमावरच वाढली होती ना? त्यांनी १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सुवर्ण घेतले आणि १९९४ मध्ये सिडनीला विश्वचषक. टर्फ त्यांनाच कसे आडवे आले नाही?

जुना हाफबॅक:
१९८६ चा लंडनचा विश्वचषक सोयीस्करपणे विसरलात. तेथे पाकिस्तान अकरावा होता आणि आपण बारावे. आपण ज्याला अपवाद समजता तेच पुराव्यादाखल देता, आणि वर मला काका म्हणता!

थाटीपूरचा पालक:
टर्फाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या गावातले सांगतो. कॅप्टन रूपसिंग यांचे नाव असलेले स्टेडियम मूळचे हॉकीचे; त्याचे क्रिकेटचे मैदान झाले आणि कोणीही हरकत घेतली नाही. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने तेथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या, आणि त्या दिवसापासून सगळा देश हे मैदान ओळखतो ते त्यासाठी. माझ्या मुलाला मी विचारले की रूपसिंग कोण, तर तो म्हणाला, "क्रिकेटचे कोणीतरी जुने कप्तान असतील." संघ का हरतो, याचे उत्तर येथे आहे.

लष्करकर:
त्या सामन्याला मी स्वतः हजर होतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. मैदान क्रिकेटला गेले म्हणून २०२३ च्या हॉकी विश्वचषकात न्यूझीलंडने आपल्याला हरवले, असे म्हणणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे आहे.

थाटीपूरचा पालक:
आपण हजर होता, हेच तर माझे म्हणणे आहे. सुवर्णपदकांची यादी तोंडपाठ, आणि पाय मात्र क्रिकेटकडे. शिंद्यांच्या नावाचा हॉकीचा गोल्ड कप पाहायला आपण शेवटचे कधी गेला होता, तेही सांगावे.

लष्करकर:
हा व्यक्तिगत आरोप आहे आणि त्याला मी उत्तर देणार नाही.

मुरारवाली:
उत्तर मिळालेच म्हणायचे! पुरुषमंडळी मैदान गेल्याचे रडगाणे गात असताना २००६ पासून याच गावात, कंपू भागात, मुलींची राज्य हॉकी अकादमी टर्फवर चालू आहे, याचा उल्लेख एकाही भाऊसाहेबांनी केला नाही. दुसरे असे की, टोकियो आणि पॅरिस या दोन्ही वेळी पुरुष संघाच्या प्रशिक्षकवर्गात ग्वाल्हेरचे शिवेंद्र सिंग होते आणि २०२३ चा द्रोणाचार्य पुरस्कारही त्यांना मिळाला. ज्या कांस्यपदकांना लष्करकर कमी लेखतात, त्यांत याच गावचा हात आहे. रूपसिंगांचा अभिमान बाळगावा आणि शिवेंद्रचे नावही घेऊ नये, हा कुठला न्याय?

लष्करकर:
ताई, शिवेंद्रचे नाव मी घ्यायला हवे होते, हे मान्य. दौलतगंजकरांनाही १९३२ बक्षीस दिले. त्यांनी ते फ्रेम करून लावावे. मात्र १९५६ मध्ये ३८ गोल करून एकही न स्वीकारणाऱ्या आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० ने रोखणाऱ्या संघाला मी रिकाम्या मैदानातला म्हणू देणार नाही. त्या सामन्यात गोलपाशी महूचे शंकर लक्ष्मण उभे होते, मराठा लाइट इन्फंट्रीचे.

दौलतगंजकर:
१९५६ आणि १९६४ मी मागे घेतो. तेथे समोर पाकिस्तान होता आणि तो पाकिस्तान खरा होता. पण विश्वचषकाबद्दल आपण अजून अवाक्षर काढलेले नाही. १९७५ नंतर आपण एकदाही उपांत्य फेरी गाठलेली नाही. २०१८ मध्ये भुवनेश्वरला हॉलंडने २-१ ने घरी बसवले. २०२३ मध्ये तेथेच न्यूझीलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊन आपण बरोबरीत अडकलो आणि शूटआउटमध्ये बाहेर पडलो. तेथे टर्फ होते, ओडिशा सरकारचा पैसा होता आणि प्रेक्षकही आपलेच होते. जुन्या हाफबॅक काकांनी याचे कारण सांगावे.

जुना हाफबॅक:
सांगतो. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलच्या हुकमी संधी, मिळाले आणि वाया घालवले. यात टर्फाचा दोष नाही, हे लिहून देतो. आता मला काका म्हणणे बंद करा.