मदत हवी आहे: कुत्र्याच्या पिल्लांच्या एकत्र खेळासाठी लसीची अट काय ठेवावी?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पाच घरांत नवी पिल्लं आलीत, 9 ते 13 आठवड्यांची. रविवारी तासभर सगळ्यांना एकत्र आणायचंय: थोडा खेळ, हाक मारली की येणं, ‘बस’. पार्व्होचा (पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा रोग) विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून बाग नको. गच्ची ब्लीचच्या पाण्याने धुऊन घेणार. मागे तीन पिल्लं एकदम सोडली, तर सगळ्यात लहान इंडी (देशी जातीची) बाकाखाली थरथरत बसली. तिचे ते डोळे अजून आठवतात. ट्रेनर परवडणार नाही. एक डॉक्टर म्हणतात, पहिल्या लसीनंतर आठवड्याने चालेल. दुसरे म्हणतात, सगळे डोस होईपर्यंत थांबा. पण इतर कुत्र्या-माणसांशी ओळखीपाळखीचं खरं वय साधारण 14 आठवड्यांपर्यंतच असतं. तुम्ही लसीची अट काय ठेवली होती? आणि बुजऱ्या पिल्लाला किती अंतरावरून सुरुवात करून दिली?