मदत हवी आहे: डायल २ मायक्रॉन दाखवतो तरी बोअर गोल येत नाही, स्पिंडल खोलू का?

भोसरी_टर्निंग:
सीएनसी लेथवर (जॉब फिरवून कापणारं मशीन) बुश, म्हणजे पोकळ रिंग करतोय. ड्रॉइंगला बोअरचा (आतल्या भोकाचा) राऊंडनेस, म्हणजे गोलाईतला फरक, ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) आत मागितलाय, पार्टीच्या तपासणीत (क्यूसी) ११-१२ निघाला आणि अख्खा लॉट परत आला. आमच्याकडे बोअर गेज चारही बाजूंनी फिरवून बघितला, साइज सगळीकडे सेम. स्पिंडलच्या (जॉब फिरवणारा मशीनचा मुख्य दांडा) टेपरला, म्हणजे तोंडाच्या निमुळत्या भोकाला डायल गेज लावला, काटा २ मायक्रॉन हलतो. मग चूक आहे कुठे? परवा माल द्यायचाय, लवकर सांगा.

अंबड_मेंटेनन्स:
बेअरिंग गेलं, दुसरं काही नाही. आमच्या एका मशीनला सेम प्रॉब्लेम होता, पुढची अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी पी४ (जास्त अचूक) क्लासची टाकली, प्रीलोड (बेअरिंगला बसवतानाच दिलेला दाब) नीट बसवला, विषय संपला. खोलाच.

टूलरूम_कोल्हापूर:
थांबा, स्पिंडल खोलायची घाई करू नका. डायलवर दिसतो तो रनआउट, म्हणजे फिरताना काटा एकूण किती हलतो ते; त्यात टेपर किती सेंटरला ग्राइंड केलाय तेही येतं आणि फिरताना अक्ष किती हलतो तेही. बोअर एकाच पकडीत मारला तर जॉब चकात (जॉब धरणाऱ्या पकडीत) थोडा सेंटरबाहेर असला तरी बोअर गोलच येतो, कारण टूल जागेवर आणि जॉब अक्षाभोवती फिरतो. गोलाई बिघडते ती अक्ष प्रत्येक फेरीत त्याच जागी तसाच हलला तर. दर फेरीला वेगळा हलला तर फिनिश जातो. आणि तुम्ही डायल बघितला हाताने फिरवून, कटिंग किती आरपीएमवर करता? मटेरियल काय, भिंत किती जाड, चक कुठला, प्रेशर किती? यातलं काहीच लिहिलं नाही.

सातारा_व्हीएमसी:
३०० मिमीचा टेस्ट बार (तपासणीचा अचूक गोल दांडा) लावून टोकाला चेक करा. आणि सकाळी मशीन २० मिनिटं रिकामं फिरवत जा, आमच्या व्हीएमसीला (उभ्या मिलिंग मशीनला) झेडमध्ये (वर-खाली दिशेत) रोज फरक पडायचा तो त्याने गेला.

टूलरूम_कोल्हापूर:
दादा, तो गरम होऊन लांबी वाढण्याचा प्रश्न, एक मीटर स्टील एका डिग्रीला ११-१२ मायक्रॉन वाढतं. त्याने साइज सरकेल, इथे गोलाई बिघडलीय.

भोसरी_टर्निंग:
सॉरी, लिहायचं राहिलं. ईएन८ स्टील, ओडी (बाहेरचा व्यास) ७०, बोअर ६२, लांबी ४० मिमी. तीन जॉचा (जबड्यांचा) हायड्रॉलिक चक, प्रेशर २० किलो. १८०० आरपीएम.

टूलरूम_कोल्हापूर:
म्हणजे भिंत फक्त ४ मिमी आणि प्रेशर २०! तीन जॉ रिंगला तीन जागी आत दाबतात, तुम्ही त्या दाबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल मारता, चक सोडला की रिंग परत उघडते आणि जॉच्या जागी बोअर बाहेर जातो. तीन पाकळ्या तयार.

अंबड_मेंटेनन्स:
असं असतं तर बोअर गेजला दिसलं नसतं का?

टूलरूम_कोल्हापूर:
नाही ना, खरी गोम तिथेच आहे. बोअर गेज समोरासमोरचे दोन पॉइंट मोजतो. तीन पाकळ्यांच्या आकारात एकीकडे पाकळी असली की समोर दरी येते, त्यामुळे व्यास सगळीकडून जवळजवळ सारखाच भरतो. तीन पॉइंटचा बोअर मायक्रोमीटर घ्या, चकात असतानाच जॉसमोर जॉबवर मार्करने खूण करा, मग जॉब सोडून खुणेवर मोजा आणि ६० डिग्री फिरवून पुन्हा मोजा. फरक आला तर आधी संशय चकाच्या दाबावर, स्पिंडलवर नाही.

भोसरी_टर्निंग:
शेजारच्या शॉपमधून मायक्रोमीटर आणला. खुणेवर मोठा, ६० डिग्रीला लहान, ९ मायक्रॉनचा फरक! पाच जॉब बघितले, पाचही तसेच. फिनिश कटला प्रेशर ८ वर आणून दोन जॉब काढले, फरक ३ वर आला, पण जॉब सुटेल अशी भीती वाटते.

टूलरूम_कोल्हापूर:
८ वर फिनिशला अगदी हलका कट घ्या. आणि ओडीला पूर्ण कवेत घेणारे रुंद सॉफ्ट जॉ (कापून हवा तो आकार देता येणारे मऊ जबडे) ७० ला बोअर करून लावा, मग दाब तीन जागी न पडता सगळीकडे वाटला जाईल.

अंबड_मेंटेनन्स:
ठीक आहे, पण बेअरिंगचा आवाज एकदा ऐकून घ्याच.

भोसरी_टर्निंग:
आवाज नाही. जॉ आज रात्रीच बोअर करतो.