आयव्हीएफचं एक ट्रान्सफर (भ्रूण पिशवीत सोडणं) फेल गेलं, दुसऱ्याच्या आधी ईआरए आणि पीजीटी करावी का?

परभणीची_ताई:
नमस्कार. वय ३१, लग्नाला ७ वर्षं झाली, ह्यांचा शुक्राणूंचा काउंट कमी म्हणून इक्सी (बीजात एकच शुक्राणू सोडून करतात ते आयव्हीएफ) केलं, दवाखाना संभाजीनगरचा. पाचव्या दिवसाचे ३ भ्रूण (ब्लास्टोसिस्ट) फ्रीज झाले होते, त्यातला एक जूनमध्ये सोडला आणि बीटा एचसीजी (प्रेग्नन्सीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आली. सोडताना डॉक्टरांनी स्क्रीनवर तो पांढरा ठिपका दाखवला होता, अजून डोळे मिटले की तोच दिसतो. आता दोनच उरलेत. डॉक्टर म्हणायलेत की पुढच्या ट्रान्सफरच्या आधी ईआरए (भ्रूण कधी सोडायचा ती वेळ बघायची अस्तराची टेस्ट) करा आणि राहिलेल्या दोन्हीची पीजीटी (भ्रूणाच्या गुणसूत्रांची टेस्ट) पण करून घ्या, सगळं मिळून सव्वा लाख. हे म्हणतात सोनं ठेवू पण करू. सासूबाई विचारायल्यात त्या टेस्टमध्ये मुलगा का मुलगी कळतं का. मला पैशाचं आहेच पण त्याहून जास्त ही भीती आहे की नाही केलं आणि हेही गेलं तर जन्मभर मीच पैसे वाचवले असं वाटत राहील. कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.

लातूर_लेकुरवाळी:
ताई मी ईआरए केली होती म्हणून सांगते. ट्रान्सफरला जसं करतात तसंच सगळं, आधी गोळ्या, अस्तर ८ एमएम झालं की प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं, आणि सोडायच्या दिवशी भ्रूण न सोडता गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा घेतात. दोनेक मिनिटं पोटात जोराची कळ येते, पण त्याच्यापेक्षा तो अख्खा महिना वाया जातो त्याचं जास्त वाटतं. माझा रिपोर्ट प्री-रिसेप्टिव्ह (अस्तर अजून तयार नाही) आला, मग एक दिवस उशिरा सोडलं आणि तरी नाही राहिलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी माझी जुनी एचएसजीची (गर्भनळ्यांच्या एक्स-रेची) फिल्म उजेडाला धरली, डावी नळी फुगलेली, हायड्रोसाल्पिंक्स. नळीतलं ते पाणी गर्भपिशवीत उतरत राहतं आणि आयव्हीएफचे चान्स जवळपास निम्मे होतात म्हणे, आणि ही फिल्म पहिल्यापासून माझ्याच पिशवीत घेऊन हिंडत होते मी. दुर्बिणीतून नळी क्लिप केली, पुढच्या खेपेला राहिलं, लेकरू आता १४ महिन्यांचं आहे. तुमची एचएसजी कधीची आहे ते आधी बघा.

भ्रूण_लॅब:
मी एम्ब्रियॉलॉजी लॅबमध्ये आहे, तुमच्या डॉक्टरांच्या जागी बोलत नाही, पण जे माहीत आहे ते सांगते. ईआरएवर २०२२ मध्ये जामा या जर्नलमध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, ७६७ जणी होत्या, पीजीटीत नॉर्मल निघालेलेच भ्रूण सोडले. टेस्टप्रमाणे वेळ बदलून सोडलं त्यांच्यात ५८.५ टक्के जणींना मूल झालं आणि नेहमीच्या वेळेला सोडलं त्यांच्यात ६१.९ टक्के, म्हणजे फायदा दिसलाच नाही. एकाच निगेटिव्हनंतर मी तरी माझ्या बहिणीला ही टेस्ट सांगणार नाही.

पीजीटीचं असं की तुमचे भ्रूण आधीच गोठलेले आहेत, म्हणजे वितळवायचे, नाळ ज्या भागातून होते तिथल्या ५-७ पेशी काढायच्या आणि परत गोठवायचे. दहा असतील तर त्यातला कोणता आधी सोडायचा हे ठरवायला उपयोग आहे, पण दोनच असताना आणि वय ३१ असताना टेस्टने भ्रूण चांगला होत नाही, असतो तसाच राहतो, वरून रिपोर्ट मोझेक (काही पेशी नॉर्मल, काही नाही) आला की ठेवू का टाकू म्हणून अजून झोप जाते. वारंवार गर्भपात झालेत, वय ३८-४० आहे किंवा नवराबायकोच्या कॅरिओटाइपमध्ये (गुणसूत्रांच्या तपासणीत) काही निघालंय, तिथं गोष्ट वेगळी. आणि सासूबाईंना सांगा की मुलगा-मुलगी सांगायला १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने बंदी आहे, कुठलीच लॅब सांगणार नाही.

त्या पैशात हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भपिशवी आतून बघणं) झाली नसेल तर ती करा, पॉलिप, पडदा, चिकटलेलं सगळं डोळ्याने दिसतं आणि बहुतेक वेळा तिथंच काढता येतं. टीएसएच (थायरॉईड), साखर बघा, तुमच्या ह्यांचं डीएनए फ्रॅगमेंटेशन (शुक्राणूंचा डीएनए तुटलाय का ते) विचारा. अस्तराची टीबी पीसीआर (टीबीच्या जंतूच्या डीएनएची टेस्ट) पॉझिटिव्ह आली तर नुसत्या तेवढ्यावर सहा महिन्यांच्या गोळ्या चालू करू नका, कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि हिस्टोपॅथॉलॉजीचं (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) विचारा.

नांदेड_४०:
मला पटत नाही, माझे तीन गेले आणि ईआरएनंतरच राहिलं. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

भ्रूण_लॅब:
ताई तुमचं लेकरू सुखात राहो. तीन गेल्यावर डॉक्टर सगळंच तपासतात ते बरोबरच आहे. पण चौथ्याला टेस्टमुळे राहिलं का चौथा भ्रूणच चांगला होता हे एका केसवरून सांगता येत नाही. यांचं तर एकच गेलंय.

परभणीची_ताई:
सगळ्यांचे लई आभार. रात्री फाइल काढून बसलो दोघं, एचएसजी २०२१ ची आहे आणि हिस्टेरोस्कोपी झालेलीच नाही, हे एवढ्या खेपांत कुणी विचारलंच नाही. भ्रूण गोठलेले आहेत तर दोन महिने थांबल्याने त्यांचं काही बिघडत नाही ना? गुरुवारी तपोवन एक्सप्रेसनं जायलोत, वहीत एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय की रिपोर्ट खराब आला तर तुम्ही नेमकं काय वेगळं करणार.

भ्रूण_लॅब:
नाही बिघडत, लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला असतात, फक्त स्टोरेजची फी वेळेवर भरा आणि पावती जपून ठेवा. जाताना ती एचएसजीची फिल्म घ्या, नुसता रिपोर्ट नको.